पात्रतेचा रकाना आधी भरा

निकालाच्या दिवसांत कोणत्याही कनिष्ठ महाविद्यालयाचं संकेतस्थळ उघडून पाहा. 'करिअर मार्गदर्शन' नावाचं एक पान हमखास सापडतं आणि त्यावर एक पीडीएफ असते, 'बारावीनंतर काय?' नावाची. आत अभ्यासक्रमांची नावं एकाखाली एक. फार्मसी, हॉटेल मॅनेजमेंट, मर्चंट नेव्ही, पत्रकारिता, सगळं एकाच मापाच्या अक्षरांत. मुलगा ती फाइल मोबाइलवर उघडतो, दोनदा बोट वर सरकवतो आणि बंद करतो. त्याला विचारायचं असतं ते वेगळंच. 'बारावी सायन्स, गणित घेतलेलं नाही, बासष्ट टक्के, घर परतूरला. मला आता कुठे कुठे अर्ज करता येईल?'

या प्रश्नाचं उत्तर देण्यासाठी लागणारी बहुतेक माहिती महाराष्ट्रात उघड्यावर पडलेली आहे. सीईटी कक्षाची माहितीपुस्तिका, प्रवेशफेऱ्यांचे कटऑफ, शुल्क नियामक प्राधिकरणाने मंजूर केलेलं शुल्क, महाडीबीटीवरच्या शिष्यवृत्त्यांचे नियम हे सगळं कोणालाही पाहता येतं. फक्त ते दहा ठिकाणी, दहा तऱ्हांनी लिहिलेलं आहे. ते एका जागी आणून आपल्या विद्यार्थ्यांसमोर त्यांच्यापुरतं मांडणं हे काम महाविद्यालयाला स्वतः करता येतं. त्यासाठी कोणत्या कंपनीला बोलवावं लागत नाही. एक एक्सेल शीट, एक गुगल फॉर्म आणि चिकाटीचे दोन-तीन शिक्षक पुरतात. 'एआय'वाली शिफारस-प्रणाली विकायला कोणी आलं, तर त्यांना आधी तुमच्या शीटची एक ओळ भरून दाखवायला सांगा. खरं काम तिथेच असतं.

शीट करायला बसलं की पहिला मोह होतो तो टक्केवारीचा. नव्वदच्या वर काय, सत्तरच्या वर काय, पन्नासच्या वर काय, अशी उतरंड लावली की काम झालं असं वाटतं. असं करू नका. मुलाला कोणतं दार उघडं आहे हे आधी पात्रता ठरवते, गुण त्यानंतर येतात. गणित नसलेल्या मुलाला ९५ टक्के मिळाले तरी इंजिनिअरिंगच्या नेहमीच्या शाखांचं दार बंदच असतं. आणि ५० टक्केवाल्याला कितीतरी दारं उघडी असतात, पण त्याला ती कोणी सांगितलेली नसतात. म्हणून शीटमध्ये सगळ्यात आधी आणि सगळ्यात नेटका भरायचा तो पात्रतेचा रकाना.

तो एक रकाना नसतो, हे भरायला लागल्यावर कळतं. माहितीपुस्तिकेत पात्रता एका लांबलचक वाक्यात असते. इंजिनिअरिंगचंच घ्या. बारावी उत्तीर्ण, भौतिकशास्त्र आणि गणित सक्तीचे, तिसरा विषय रसायन किंवा जीवशास्त्र किंवा ठरलेल्या यादीतला एखादा तांत्रिक विषय, या तिन्हींत मिळून खुल्या प्रवर्गाला किमान ४५ टक्के आणि राज्यातल्या राखीव प्रवर्गाला ४० टक्के, शिवाय प्रवेश परीक्षा. हे वाक्य जसंच्या तसं एका चौकटीत चिकटवलं, तर माणसाला ते वाचता येईल, पण शीटला त्यावरून काहीच गाळता येणार नाही. त्याचे तुकडे करायचे: सक्तीचे विषय, चालणारे पर्यायी विषय, किमान टक्के खुला, किमान टक्के राखीव, ते टक्के एकूण गुणांचे की ठरावीक विषयांचे, प्रवेश परीक्षा कोणती, आणि त्या परीक्षेचा अर्ज भरण्याची शेवटची तारीख.

शेवटची तारीख हा रकाना बहुतेक जण सोडून देतात आणि सगळ्यात जास्त नुकसान त्यातूनच होतं. अर्जाची मुदत निकालाच्या बरीच आधी संपून गेलेली असेल, तर निकालानंतर 'तू अमुक कर' हे सांगणं म्हणजे मुलाला नुसतं हळहळायला लावणं. २०२४-२५ या वर्षी हे राज्यभर दिसलं. बीबीए, बीसीए, बीएमएस हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या कक्षेत आले आणि त्यांच्या प्रवेशासाठी पहिल्यांदाच राज्याची सीईटी लागू झाली. तोवर हे प्रवेश महाविद्यालयाच्या खिडकीवर बारावीच्या गुणांवर होत होते. ज्यांच्यापर्यंत बदल पोहोचला नाही, त्या मुलांनी परीक्षाच दिली नाही. जागा ओस पडू लागल्या, तेव्हा अतिरिक्त सीईटी घ्यावी लागली. काही महाविद्यालयांनी तर नाव बदलून जवळपास तेच विषय बी.कॉम.च्या छत्राखाली शिकवायला घेतले. तेव्हा शीटमध्ये अभ्यासक्रमाचं नाव लिहिताना मान्यता कोणाची, हेही शेजारी लिहा. सारख्या वाटणाऱ्या दोन नावांपैकी एकाला सीईटी लागते आणि दुसऱ्याला नाही, हे मुलाला आधीच दिसलं पाहिजे.

आता परतूरच्या मुलाकडे वळू. जीवशास्त्र गटाच्या मुलाची शीट गाळली की काय उरतं? बी.फार्म. आहे, कारण तिथे भौतिक आणि रसायन सक्तीचे असतात आणि गणिताऐवजी जीवशास्त्र चालतं. पण सीईटी हवी. सीईटी दिली नसेल तर डी.फार्म. आहे. तिथे प्रवेश बारावीच्या गुणांवर होतो आणि ते पूर्ण केलं की बी.फार्म.च्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. बी.एस्सी. कृषी आहे, सीईटीसह. बी.एस्सी. नर्सिंगला स्वतःची वेगळी सीईटी आहे. फिजिओथेरपी आणि होमिओपॅथीला 'नीट' ही परीक्षा लागते. साधी बी.एस्सी. आहे. बीसीए आहे, कारण तिथे शाखेचं बंधन नाही. पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम आहे, आणि विज्ञानाच्या मुलांना तो कोणी सुचवतच नाही. कॉलेजच्या भिंतीवरच्या तक्त्यात डॉक्टर नाहीतर बी.एस्सी. एवढंच दिसायचं, तिथे एवढे पर्याय निघतात.

डी.फार्म.सारख्या वाटा शीटमध्ये वेगळ्या नोंदवा. 'यानंतर कुठे जाता येतं' असा एक रकाना ठेवा. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्या मुलाला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. पॉलिटेक्निक संपलं की इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. म्हणजे आयटीआयच्या फिटर ट्रेडमधला मुलगा सीईटी न देता यथावकाश इंजिनिअर होऊ शकतो. आपल्याकडे मात्र आयटीआय म्हणजे शिक्षण संपलं, अशी समजूत घट्ट आहे, शिक्षकांचीही. पानावर एक पाऊल पुढचं आणि त्याच्या पुढचं, अशी दोन पावलं एकत्र दाखवली, तर पालकांचं बोलणंच बदलतं. घरात चर्चा 'आयटीआयला टाकायचं का?' अशी असते, ती 'आयटीआयवरून डिप्लोमा, मग पुढे बघू' अशी होते.

हीच शीट उलट बाजूनेही वापरता येते. दहावीच्या मुलाने अकरावीत गणित सोडलं, तर कोणते अभ्यासक्रम यादीतून गळतात? जीवशास्त्र सोडलं तर कोणते? अकरावीचा अर्ज भरण्याच्या आठवड्यात एवढं एकच पान मुलांच्या हाती दिलं तरी पुष्कळ. २०२५-२६पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले आहेत. तालुक्याच्या गावातला मुलगाही आता मोबाइलवर पसंतीक्रम भरतो आणि विषय मात्र मित्राने घेतले म्हणून घेतो.

कटऑफकडे आता येतो, कारण सगळ्यांना तेच हवं असतं. सीईटी कक्षाच्या कटऑफच्या पीडीएफमध्ये प्रत्येक महाविद्यालयाच्या प्रत्येक शाखेखाली एक तक्ता असतो. वरच्या ओळीत इंग्रजी अक्षरांचे कोड असतात. कोडचं पहिलं अक्षर जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींसाठीच्या जागा. मधे प्रवर्ग. शेवटचं अक्षर एच असेल तर गृहविद्यापीठाच्या जागा, ओ असेल तर त्या विद्यापीठाबाहेरच्या, एस असेल तर राज्यस्तरावरच्या. त्याखाली गुणवत्ता क्रमांक आणि कंसात पर्सेंटाइल, दशांशानंतर सात आकडे. हा आकडा त्या फेरीत त्या कोडखाली शेवटचा प्रवेश ज्याला मिळाला त्याचा आहे. एवढाच त्याचा अर्थ. महाविद्यालय किती चांगलं आहे याचा तो दाखला नव्हे.

हे तक्ते शीटमध्ये उतरवताना तीन गोष्टी सांभाळा. एक, कोड मोडूनच उतरवा, नाहीतर छत्रपती संभाजीनगरच्या मुलाला पुण्याच्या गृहविद्यापीठाच्या जागांचा आकडा दिसेल आणि तो उगीच हुरळेल किंवा खचेल. दोन, शुल्कमाफी योजनेच्या जागा वेगळ्या ठेवा. त्यांच्या निवडकोडच्या शेवटी टी असतो, त्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्यांसाठी असतात आणि त्यांचा कटऑफ बहुतेकदा नेहमीच्या जागांहून वर जातो. तीन, एका वर्षावर विसंबू नका. त्या वर्षी किती मुलं बसली, किती नव्या जागा मंजूर झाल्या, कोणत्या शाखेची हवा होती यावर आकडा वरखाली होतो. तीन वर्षांचे आकडे शेजारी ठेवा आणि मुलाला आकडा न दाखवता पट्टा दाखवा. त्याचा पर्सेंटाइल तीनही वर्षांच्या कटऑफच्या वर असेल, तर 'बऱ्यापैकी शक्य'. कधी वर, कधी खाली, तर 'काठावर'. तिन्ही वेळा खाली, तर 'अवघड'. 'मिळेल' हा शब्द पानावर कुठेही येऊ देऊ नका. 'अवघड' असलेलेही लपवू नका. पसंतीक्रमात वरच्या दोन-तीन जागा तशाच असाव्यात. पण फेरीगणिक 'वरचा पसंतीक्रम मिळाला तर तो घ्यावाच लागेल' असे नियम असतात आणि ते बदलतात. ज्या महाविद्यालयात जायचंच नाही ते नाव यादीत वर ठेवू नका, हा इशारा ठळक अक्षरात द्या.

सरकारी माहितीपेक्षा मोलाची माहिती तुमच्याच कार्यालयात असते आणि ती दरवर्षी वाया जाते. बारावी झालेला प्रत्येक मुलगा दाखला न्यायला खिडकीवर येतोच. त्या अर्जावर एक ओळ वाढवा: 'पुढे कोणत्या महाविद्यालयात, कोणत्या अभ्यासक्रमाला?' कारकुनाला अर्ध्या मिनिटाचं काम. काही मुलं दाखला नेतात तेव्हा प्रवेश पक्का झालेला नसतो, त्यांना दिवाळीनंतर एकदा फोन करावा लागतो. अशी तीन वर्षांची नोंद जमली की तुमच्या पानावर असं लिहिता येतं: 'आपल्या कॉलेजमधले विद्यार्थी मागच्या तीन वर्षांत इथे गेले.' परतूरच्या मुलाला पुण्याच्या नामांकित महाविद्यालयाच्या कटऑफपेक्षा हे वाक्य जवळचं वाटतं, कारण त्यातला एखादा त्याच्याच गल्लीतला असतो. मात्र संख्या पाचांहून कमी असेल तिथे आकडा देऊ नका. गावात 'नर्सिंगला गेलेली एक मुलगी' म्हणजे कोण हे सगळ्यांना कळतं.

या नोंदींचा एक धोका आहे. मागे जे झालं तेच त्या पुढे सुचवत राहतात. मुली डी.एड.ला जात आल्या, म्हणून मुलींना डी.एड.; अमुक वस्तीतली मुलं आयटीआयला जात आली, म्हणून पुढच्यालाही आयटीआय. विकत घेतलेल्या शिफारस-प्रणाली नेमकं हेच करतात आणि वर ते शास्त्रीय दिसतं. म्हणून नियम सरळ ठेवा. मुलगी की मुलगा आणि प्रवर्ग कोणता, या गोष्टी फक्त सवलत आणि जागा वाढवण्यासाठी वापरायच्या, पर्याय कमी करण्यासाठी कधीच नाही. मुलगी आहे हे कळल्यावर पानाने जास्तीची एक ओळ दाखवायची: ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत २०२४-२५पासून आहे, पण ती केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून प्रवेश घेतला तरच. व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर नाही. हा 'पण' शिष्यवृत्तीच्या रकान्यात हवाच. तिथेच डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आणि स्वाधार या योजना कोणाला लागू होतात तेही लिहा. बाहेरगावी पाठवायचं की नाही हा निर्णय बहुतेक घरांत शिक्षणशुल्कावर अडत नाही, खोली आणि मेसच्या खर्चावर अडतो.

ठिकाणाचाही विचार नीट करा. फॉर्ममध्ये 'जिल्हा' विचारून त्याच जिल्ह्यातली महाविद्यालयं दाखवणं सोपं, म्हणून सगळे तेच करतात. परतूर जालना जिल्ह्यात. पण तिथून रेल्वे एका बाजूला जालन्याला जाते आणि दुसऱ्या बाजूला सेलूवरून परभणीला. राज्यातल्या चार कृषी विद्यापीठांपैकी एक त्याच परभणीत आहे. जिल्ह्याची चाळणी लावली की नेमकं ते गळतं. त्यापेक्षा आपल्या गावातून थेट एसटी किंवा रेल्वे कुठे कुठे जाते त्याची यादी करा आणि 'रोज जाऊन-येऊन', 'राहावं लागेल' अशा दोनच खुणा ठेवा. हे काम संगणकाच्या सरांपेक्षा भूगोलाचे सर चांगलं करतात.

पान दिसायला कसं असावं? साधं. पाच-सहा प्रश्न, मराठीत, मोबाइलवर अंगठ्याने भरता येतील असे: शाखा, विषय, टक्के, दिलेल्या प्रवेश परीक्षा, मुलगी की मुलगा आणि प्रवर्ग (ऐच्छिक), बाहेरगावी राहता येईल का. लॉगिन नको. उत्तरात प्रत्येक पर्यायाखाली एक ओळ हवीच: हा पर्याय का दाखवला. 'तुझ्याकडे जीवशास्त्र आहे, सीईटी दिली आहेस, रोज जाऊन-येऊन जमेल.' ही ओळ असली की मुलाला चूकही धरता येते: 'सर, मी सीईटी दिलीच नाही, फॉर्ममध्ये चुकून टिक केलं.' कारण न सांगता यादी देणारं पान चुकलं तरी कोणाला कळत नाही. खाली 'ही माहिती अमुक तारखेला तपासली' आणि शंका असल्यास कोणत्या शिक्षकाला कधी भेटायचं ते लिहा. परिसरातला एखादा क्लासवाला हे पान प्रायोजित करायला तयार होईल. नको म्हणा. दुसऱ्या वर्षी यादीत कोणाचं नाव वर असावं याची चर्चा सुरू होते.

नाव आणि मोबाइल क्रमांक मागूच नका. बारावीची बरीच मुलं अठराच्या आतली असतात आणि २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात त्यांची माहिती हाताळायची तर पालकांची संमती घेण्याची तरतूद आहे. शिवाय असे क्रमांक फुटले की निकालाच्या दिवसापासून प्रवेश एजंटांचे फोन सुरू होतात, हे पालक सांगतीलच.

पदवी महाविद्यालयांना हेच तंत्र वेगळ्या जागी लागू होतं. नव्या शैक्षणिक धोरणात मेजर, मायनर आणि खुले ऐच्छिक विषय आले. विद्यार्थी खुला विषय निवडतात तो बहुतेकदा वेळापत्रक बघून. त्याऐवजी तुमच्याकडच्या विषयांची नोंद आणि पुढच्या अभ्यासक्रमांची पात्रता यांची सांगड घाला. बारावीत गणित घेऊन नंतर बी.ए.ला आलेली मुलगी एमसीएला पात्र ठरू शकते, हे तिला आणि तिच्या शिक्षकांना सहसा ठाऊक नसतं. शीटला ठाऊक असतं. 'स्वयं' या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरचे अभ्यासक्रमही इथे जोडता येतात. यूजीसीच्या २०२१च्या नियमांनुसार एका सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक 'स्वयं'वरून घेता येतात आणि ते अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा होतात. पण ते ग्राह्य धरायचे की नाही हे विद्यापीठ आणि महाविद्यालयाच्या निर्णयावर आहे. म्हणून अख्खं स्वयंचं कपाट दाखवू नका. ज्याचे श्रेयांक तुमच्याकडे धरले जातात तेवढेच दाखवा.

ब्रिटनमध्ये २०११च्या सुमारास जिस्क या संस्थेने विद्यापीठांना निधी देऊन त्यांच्या अभ्यासक्रमांची माहिती एकाच साच्यात प्रसिद्ध करायला लावली होती, म्हणजे ती कोणत्याही संकेतस्थळाला उचलता यावी. आपल्याकडे तसा साचा येईपर्यंत शेजारच्या तीन-चार महाविद्यालयांनी मिळून शीटचे रकाने एकसारखे ठेवले तरी चालेल. एकाने फार्मसी-नर्सिंग तपासावं, दुसऱ्याने इंजिनिअरिंग, तिसऱ्याने कायदा आणि शिक्षणशास्त्र. दरवर्षी सगळं एकट्याने तपासणं जमत नाही, आणि न तपासलेलं जुनं पान नसलेल्या पानापेक्षा वाईट.

तपासणीचे दिवस ठरवून टाका. जानेवारीत परीक्षांच्या तारखा, निकालाआधी पात्रता आणि शुल्क, प्रत्येक फेरीनंतर कटऑफ. केंद्रीय फेऱ्या संपल्या की पान बदला: वर फक्त संस्थास्तरावर रिकाम्या राहिलेल्या जागा, त्यांची शेवटची तारीख आणि सीईटी न लागणारे अभ्यासक्रम ठेवा. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये हे पान उघडणारा मुलगा बहुधा सगळीकडून हुकलेला असतो, त्याला यादीत खाली खाली जायला लावू नका. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाच्या प्रवेशाची मुदत त्या वर्षी कधीपर्यंत आहे, तेही तिथेच वर लिहून ठेवा.